फिनिशिंग

आमच्या घरात सोफा नव्हता, ट्रंका होत्या. नऊ काळ्या लोखंडी ट्रंका. दोन एकमेकींना लावून वर गादी आणि आईने भरलेली चादर टाकली की बैठक व्हायची. तिसरीवर टीव्ही, चौथीवर देव, बाकीच्या पलंगांखाली. बाबा फौजेत मेजर होते आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलीचा कागद आला की आमचं हे सगळं फर्निचर पुन्हा सामान होऊन जायचं. प्रत्येक ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने इंग्रजीत बाबांचं नाव, हुद्दा आणि जायचं गाव लिहिलेलं असायचं. गाव बदललं की जुन्या अक्षरांवर काळा रंग मारायचा आणि त्यावर नवी अक्षरं काढायची. बाकीच्या घरांत हे काम युनिटचा पेंटर करायचा. आमच्याकडे आई करायची, कारण पेंटरने काढलेला एस तिला पोट सुटल्यासारखा दिसायचा. ती व्हरांड्यात ट्रंकेसमोर मांडी घालून बसायची, उजव्या हाताखाली डावा हात टेकू म्हणून धरायची आणि पट्टी न लावता सरळ ओळीत लिहीत जायची. तिचं हे कसब सगळ्या कॉलनीला माहीत होतं. कुणाकडे बारसं असो, लेडीज मीट असो, रांगोळी, स्वागताचा बोर्ड, केकवरचं नावसुद्धा, सगळीकडे जाधव मॅमना बोलावणं. त्याबद्दल तिला काय मिळायचं, तर 'वाह जी, क्या हाथ है' एवढं. ती तेवढ्यावर खूश असते असं मला तेव्हा वाटायचं.

चंदीगडला आलो तेव्हा मी सहावीत होते. आमचं क्वार्टर पंचकुल्याच्या अंगाला आणि शाळा चंदीगडात, म्हणून सकाळी अंधारातच शाळेची बस यायची. थंडीत धुकं इतकं असायचं की बस आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. घरामागच्या झाडीत मोर केकाटायचे, लांबून पीटीच्या शिट्ट्या ऐकू यायच्या आणि स्वयंपाकघरात आईची भाकरी थापण्याची थपथप चालू असायची. ज्वारीचं पीठ तिकडे मिळायचं नाही, म्हणून बाजरी आणि गहू मिसळून ती काहीतरी जमवायची आणि पहिला घास घेताना दर वेळी म्हणायची, "हिला भाकरी म्हणायचं म्हणजे कमालच." कोल्हापुरातून आजी कांदा-लसणाच्या चटणीचा डबा पाठवायची. तो फोडला की शेजारच्या संधू आंटी वाटी घेऊन हजर, "भाभीजी, वो लाल वाला देना." रविवारी तांबडा रस्सा व्हायचा आणि त्याच्या वासाने जिन्यातली माणसं शिंकायची. मी आईशी मराठी बोलायची, पण राग आला की माझी हिंदी सुरू व्हायची. ती मात्र माझ्याशी कोल्हापुरीच बोलायची. आता मी मोहालीत राहते आणि माझी तिसरीतली मुलगी मी विचारलेल्या प्रत्येक मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देते. तेव्हा मला आईची आठवण येते आणि थोडी लाजही वाटते.

शाळेत चित्रकलेला सूद सर होते. त्यांच्या तासाला एकच गोष्ट व्हायची. ते फळ्यावर एक चित्र काढायचे आणि आम्ही बेचाळीस जणांनी ते वहीत उतरवायचं. दोन डोंगर, मधून सूर्य, डोंगरातून नदी, नदीकाठी झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड. चंदीगडात नारळाचं झाड मी तरी पाहिलं नाही, पण वहीत बेचाळीस झाडं होती. रंगवून झालं की शेवटी काळ्या स्केचपेनने बाहेरून रेघ मारायची. 'आउटलाइन क्लीन होनी चाहिए' हे त्यांचं ब्रीद. प्रदर्शन असलं की निवडक चित्रं ते घरी न्यायचे आणि परत आणायचे तेव्हा ती ओळखू यायची नाहीत. नाकं सरळ झालेली असायची, आकाश गुळगुळीत झालेलं असायचं. याला ते 'फिनिशिंग' म्हणायचे. आम्हाला त्यात काही गैर वाटत नव्हतं, उलट ज्याचं चित्र सर घरी नेत त्याचा भाव वधारायचा. सरांना एकट्याला अकरा वर्ग सांभाळावे लागत आणि प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एकच तास मिळे, हे मला आज समजतं. समजतं म्हणून माझा राग कमी होतो, असं मात्र नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत जसलीनदीदी राहायला आली. राहायलाच आली, म्हणजे मेडिकल रूमच्या शेजारच्या पाहुण्यांच्या खोलीत तिची बॅग, तिची इलेक्ट्रिक किटली आणि तिचे कागदांचे गठ्ठे. कुठल्याशा ट्रस्टची योजना होती. चित्रकाराने सहा आठवडे शाळेत मुक्काम करायचा, स्वतःचं काम मुलांसमोर करायचं आणि मुलांना आपल्याबरोबर करू द्यायचं. मुलांना चित्रकला शिकवायची पद्धतच बदलून बघायची, असा त्यामागचा विचार होता. शाळेने हो म्हटलं ते माहितीपत्रकात फोटो छापता येतील म्हणून, हे मी मागाहून जोडलेलं गणित नाही. प्रिन्सिपल मॅडमनी असेंब्लीत जवळजवळ तसंच सांगितलं होतं. दीदी लुधियान्याकडची, चाळिशीची, ठसे उमटवून चित्रं करणारी. तिच्या नखांत कायम काळी शाई. मॅडम म्हटलेलं तिला चालत नसे. सहावीचे चित्रकलेचे तास तिला दिले होते आणि शिवाय खेळाचे दोन.

पहिल्या दिवशी तिने काय केलं, तर बिस्किटांचा रिकामा डबा वर्गात फिरवला आणि सगळ्यांची खोडरबरं गोळा केली. रबर नाही म्हणजे चुकलं तर काय करायचं? हरमनने हात वर करून विचारलंच. हा हरमन माझ्या मागच्या बाकावर बसायचा.

"गलत हुआ तो?"

"तो देख लेंगे, पुत्तर," दीदी म्हणाली. "पहले हो तो जाए."

मग तिने काम दिलं. घरात रोज समोर असतं, पण ज्याच्याकडे आपण कधी नीट बघत नाही, असं काहीही घ्या आणि कागदावर आणा. कसं ते तुम्ही ठरवा. आम्हाला ठरवायची सवयच नव्हती. पहिला आठवडा आम्ही तिच्याभोवती घिरट्या घालून 'दीदी, बोर्ड पे बना दो ना' करत राहिलो. तिने एकदाही फळ्याला खडू लावला नाही. ती स्वतःच्या टेबलावर बसून शाळेच्या जुन्या दरवाजांचे ठसे काढायची. पातळ कागद दारावर धरायचा, मेणखडू आडवा करून वरून घासायचा, की लाकडाच्या रेषा, खिळ्यांची डोकी, कुणी कोरलेली नावं कागदावर उठायची. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीही उठायच्या. ते पाहून मी तिच्याकडून पातळ कागदांची एक गड्डी आणि एक काळा मेणखडू मागून घेतला.

घरी येऊन मी ट्रंका घासायला बसले. पहिल्या आठ ट्रंकांवर अपेक्षित तेच निघालं. चंदीगडखाली झाशी, झाशीखाली सिकंदराबाद, सगळी अक्षरं एकमेकांच्या अंगावर. काळ्या रंगाखाली जुन्या ऑइलपेंटचे उंचवटे तसेच राहिले होते, डोळ्यांना दिसत नव्हते एवढंच. नववी ट्रंक बाकीच्यांपेक्षा जुनी होती, तिची कडी नीट बसायची नाही आणि तिच्यात रजया ठेवलेल्या असायच्या. तिच्या झाकणावर कागद धरला आणि बाबांच्या नावाच्या खालून मराठी अक्षरं वर आली. कु. वैजयंती शं. साळोखे. साळोखे म्हणजे माझ्या मामांचं आडनाव. पण वैजयंती कोण? आईचं नाव अर्चना. माहेरी तिला सगळे अक्काच म्हणायचे. मला वाटलं कुणी लहानपणी वारलेली मावशी असेल.

आई स्वयंपाकघरात खोबरं भाजत होती. मी कागद तिच्यासमोर धरला.

"ही कोण?"

तिने गॅस बारीक केला. कागद हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं, बोट काळं झालं.

"मीच की."

"मग अर्चना?"

"ते लग्नातलं. ताटात तांदूळ पसरून तुझ्या बाबांनी अंगठीनं लिहिलं. तुझ्या आजीनं ठरवलेलं." ती खोबरं हलवायला लागली. "ट्रंक कॉलेजला गेले तवाची. चित्रकलेच्या कॉलेजला. हॉस्टेलवर सगळ्यांच्या ट्रंकांवर नाव मीच घालून दिलं होतं. दोन वर्षं केली, तिसरं ऱ्हायलं."

"का राहिलं?"

"स्थळ आलं." जणू पाऊस आला म्हणून कपडे आत घेतले, इतक्या सहज ती म्हणाली.

मी अकरा वर्षांची होते, आणि माझी आई चित्रकलेच्या कॉलेजात होती हे मला एका ट्रंकेकडून कळलं. घरात रोज तिच्या अक्षरांवर बसून आम्ही टीव्ही बघत होतो. बाबांना माहीत होतं, आजीला माहीत होतं, मामांना माहीत होतं आणि कुणालाच ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. बदलीगणिक त्या नावावर नवऱ्याचं नाव चढवणारा हातही तिचाच होता.

पुढचे तीन आठवडे मी त्या एका कागदावर काम केलं. त्याला आणखी तीन कागद जोडून तो ट्रंकेच्या झाकणाएवढा मोठा केला. पुन्हा पुन्हा घासून, कुठे खडू जोरात दाबून, कुठे हलका सोडून मी अशी खटपट केली की बाबांचं नाव पुसट राहावं आणि खालचं नाव त्याच्यातून डोकं वर काढताना दिसावं. कागद मळला, दोन ठिकाणी फाटला, मागून चिकटवला. दीदी दर तासाला येऊन बघायची आणि काही सांगायची नाही, फक्त विचारायची. "यहाँ इतना ज़ोर क्यों लगाया?" मी उत्तर द्यायची. कुणी माझ्या चित्राविषयी मला प्रश्न विचारतंय आणि उत्तर त्याला आधीच माहीत नाहीये, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. हरमनने त्याच्या कुत्र्याला पाच पाय काढले. आशिमाने गच्चीवर झोपलेलं तिचं सगळं खटलं काढलं, पण एकाही माणसाला तोंड नाही. रोहनने बसस्टॉपचा एक खांब काढला आणि बाकी अख्खा कागद कोरा ठेवला. आम्ही त्याला 'कामचोर' म्हणून चिडवलं. दीदीने तो कोरा कागद पाच मिनिटं बघितला आणि म्हणाली, "ठंड लग रही है मुझे।"

पाचव्या आठवड्यात शाळेने प्रदर्शन ठरवलं. योजनेत ते होतंच, पण साधं. मुलांनी आपापलं काम भिंतीवर लावायचं, आईबापांनी येऊन बघायचं, बक्षीस नाही, नंबर नाही. शाळेने त्यात पंचकुल्याचे एक मोठे अधिकारी पाहुणे म्हणून जोडले आणि पाहुणे आले म्हणून बक्षिसंही आली. आदल्या दिवशी सकाळीच दीदीला ट्रस्टच्या कामासाठी बाहेर पाठवलं. तिला मुद्दाम लांब ठेवलं असं मी म्हणते, कुणाला नाही म्हणायचं असेल तर म्हणो. कॉलनीतल्या मुलांमुळे आईचा हात शाळेतही माहीत होता, आणि त्याच सकाळी सूद सरांचा तिला फोन आला.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात गुणगुणत होती, आणि मधला वार असूनही शिरा केला होता, केशर घालून. तिच्या डाव्या मनगटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका होता. मी विचारलं तर म्हणाली, "उद्या बघशील."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये शिरल्यावर मला आधी वाटलं, दुसऱ्याच कुठल्या वर्गाची चित्रं लावलीत. सगळी स्वच्छ होती. सगळ्यांना काळी, बारीक, न थरथरलेली आउटलाइन होती. हरमनच्या कुत्र्याला चार पाय होते, पाचवा पांढऱ्या रंगाखाली. गच्चीवर झोपलेल्या माणसांना डोळे, नाकं आणि हसरी तोंडं आली होती. रोहनच्या कोऱ्या कागदावर पिवळ्या फुलांची झाडं उभी होती, आणि झाडं सुंदर होती, हे सांगितलंच पाहिजे. माझा कागद हॉलच्या मध्यभागी होता. फाटलेल्या जागा नीट चिकटवलेल्या, आणि सगळ्यावर काळा पोस्टर कलर, एकसारखा, ब्रशचा फराटासुद्धा न दिसणारा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत बाबांचं नाव आणि हुद्दा. एसला पोट नव्हतं. ते अक्षर मी अंधारातही ओळखलं असतं. माझं काहीच उरलं नव्हतं, आणि वैजयंती साळोखेंचंही नाही. त्याला पहिलं बक्षीस होतं.

मी स्टेजवर गेले. मला आवडलं असतं इथे लिहायला की मी गेले नाही, किंवा माइकवर सांगितलं की हे माझं नाही. मी गेले. पाहुण्यांनी पाठ थोपटली, "पापा आर्मी में हैं? शाबाश, बेटा।" मी थँक्यू सर म्हणाले आणि फोटोसाठी हसले. पहिल्या रांगेत बाबा कॅमेऱ्याने फोटो काढत होते. त्यांच्या शेजारी आई बसली होती आणि तिचं तोंड असं उजळलं होतं, जसं मी नंतर क्वचितच पाहिलं. मागच्या दारातून दीदी आत आली ती याच वेळी. तिने भिंतीवरून नजर फिरवली, पूर्ण एक चक्कर, आणि मोठ्याने विचारलं, "ये किसने किया है?" प्रिन्सिपल मॅडम हसून म्हणाल्या, "बच्चों ने, और किसने।" दीदी म्हणाली, "बच्चों ने जो किया था, वो कहाँ है?" कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी वाजवल्या. मी स्टेजवर प्रमाणपत्र धरून उभी होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली. सूद सरांवर, मॅडमवर, पाहुण्यांवर मी आयुष्यभर चिडले आहे, पण त्या खाली घातलेल्या मानेला त्यांच्यापैकी कुणीच जबाबदार नव्हतं.

रात्री घरी जेवायला बसल्यावर बाबा म्हणाले, "पहिला नंबर म्हणजे चेष्टा नाही. माझं नाव पार हॉलभर गाजलं की." आणि माझा बांध फुटला.

"वो मेरा था! आपने हाथ क्यों लगाया?"

"अगं, सरांनी बोलावलं," आई म्हणाली. "मोठी माणसं येणार, मुलांची अब्रू जायला नको म्हणाले. मी सगळ्यांचंच केलं, तुझं एकटीचं न्हवं. बेचाळीस कागद, एका बैठकीत. मान मोडून गेली माझी."

"किसी ने बोला था आपको?"

"सरांनी बोलावलं म्हणून सांगते आहे की."

"मैंने बोला था? मुझसे पूछा?"

बाबा म्हणाले, "आईशी कसं बोलतेस? बक्षीस मिळालं, झालं ते चांगलंच झालं." मी प्रमाणपत्राचे दोन तुकडे करून ताटाशेजारी ठेवले. आई ते उचलून जुळवत बसली, कडेला कड लावून. मग ती अगदी हळू म्हणाली, "मला बक्षीस मिळालं ते बघवलं नाही तुला."

तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, पण ती 'मला' म्हणाली होती. बाबांनी दुसरी भाकरी मागितली आणि ती उठली.

शुक्रवारी कळलं की दीदीला निरोप मिळालाय. सहावा आठवडा उरला होता, पण 'आपका काम तो पूरा हो गया' असं प्रिन्सिपल मॅडमनी सांगितलं. शनिवारी शाळा अर्धी, तेव्हा शेवटचा तास घ्यायचा आणि खोली मोकळी करायची. मुलांच्या कामाची विचारपूस केली म्हणून बाईला खोलीबाहेर काढलं आणि ज्यांनी बेचाळीस मुलांचं काम रंगाखाली गाडलं, ते खुर्चीवर राहिले. मी घरी येऊन एवढंच सांगितलं, "दीदी को निकाल दिया। आपके फिनिशिंग की वजह से।" दोन दिवसांत मी आईशी बोललेलं ते एकच वाक्य.

शनिवारी सकाळी बस सुटली तेव्हा आई मला सोडायला न येता व्हरांड्यातच उभी होती. शेवटच्या तासाला वर्गाचं दार उघडलं आणि दीदीबरोबर ती आत आली. खळ केलेली सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. स्कूटरवरून आल्यामुळे थंडीने नाक लाल झालं होतं. ती दीदीच्या खोलीवर माफी मागायला गेली होती आणि दीदीने तिला सांगितलं होतं, मला नको, ज्यांचं आहे त्यांना सांगा. दीदीने एक खुर्ची फळ्यासमोर ठेवली, आईला बसवलं आणि आम्हाला म्हणाली, "आंटी ने आपके काम पर हाथ लगाया है। जिसको जो पूछना है, पूछो।"

मोठ्या माणसाला असं काही विचारतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. मग हरमन उठला.

"आंटी, मेरे डॉगी की एक टाँग कहाँ गई?"

"बेटा, पाँच हो गई थीं," आई म्हणाली. "मुझे लगा गलती से।"

"वो भाग रहा था."

आशिमा उठली आणि म्हणाली, सगळे रजई ओढून झोपले होते, तोंडं दिसणारच नव्हती. आई म्हणाली, चेहरा नसलेली माणसं बरी दिसत नव्हती. रोहन बसल्या जागेवरूनच म्हणाला, "वहाँ धुंध थी, आंटी। पेड़ दिखते नहीं हैं धुंध में।" आई त्याच्याकडे बघत राहिली. त्याच धुक्यात ती रोज सकाळी मला बसपर्यंत सोडायला यायची. "हाँ," ती म्हणाली. "नहीं दिखते। खाली लग रहा था मुझे।"

असं जवळजवळ पाऊण तास चाललं. ती प्रत्येकाला उत्तर देत होती. टाळाटाळ करत नव्हती, सूद सरांचं नावसुद्धा घेत नव्हती. गलती लगी. अधूरा लगा. खाली लगा. आजही मी चंदीगडच्या सेक्टर ३४ मधून जाते तेव्हा कोचिंगच्या पाट्यांखाली शाळेची प्रोजेक्टं तयार करून देणारी दुकानं दिसतात. मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आया एकमेकींना त्यांचे पत्ते पाठवतात, बरोबर नमस्काराचे हात आणि हसरे चेहरे. त्यातल्या एकीलाही आजपर्यंत कुणी मुलांसमोर खुर्चीत बसवलेलं नाही. माझी आई बसली. आपण होऊन बसली. हे मी तिच्या बाजूने लिहून ठेवते, कारण त्या वेळी मला ते दिसलं नव्हतं. मी त्या दिवशी शेवटच्या बाकावर जाऊन हाताची घडी घालून बसले होते आणि तिची चांगली जिरते आहे याचा मला आनंद होत होता.

सगळ्यात शेवटी दीदीने माझ्याकडे पाहिलं. मी उठले. मला कागदाबद्दल विचारायचं होतं, तीन आठवड्यांच्या मेहनतीबद्दल, न विचारता हात लावण्याबद्दल. हे सगळं मी पाठ करून आले होते, हिंदीत. पण तोंडातून मराठी आली, आणि ती पहिल्यांदाच त्या वर्गात आली.

"तू तुझं नाव का पुसलंस?"

वर्गाला काही कळलं नाही. आईला कळलं. ती मला मराठीत उत्तर देऊ शकली असती, ते आम्हा दोघींत राहिलं असतं. पण तिने बाकी सगळ्या मुलांना हिंदीत उत्तरं दिली होती आणि मला वेगळी वागणूक द्यायची नाही असं तिने ठरवलं असावं. तिने मांडीवरचे हात एकमेकांत घेतले.

"गंदा दिख रहा था, बेटा," ती म्हणाली.

ती रडली नाही, तिचा आवाजही बदलला नाही. पाचवा पाय, कोरं धुकं, नसलेली तोंडं, तसंच तेही. स्वतःचं नाव तिला घाण दिसलं होतं, आणि घाण दिसलं की साफ करायचं, एवढंच तिला कुणीतरी कधीतरी नीट शिकवलं होतं. ज्यांनी शिकवलं त्यांतले काही आमच्याच घरातले होते, काहींच्या मी पाया पडत आले आहे. त्या सगळ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. मी तो जाऊ देणारही नाही.